मुंबईच्या समुद्राला बाराही महिने जलबचाव पथक हवं

सकाळची_लाट

गेल्या रविवारी सकाळी जुहूला नेहमीची फेरी मारत होते. ओहोटी लागलेली. पंधरा-सोळा वर्षांची दोन मुलं कमरेएवढ्या पाण्यात खेळत होती. चपलेतली वाळू झटकायला मी वाकले आणि वर पाहिलं तर दोघं बरीच आत गेली होती. एकजण दिसतच नव्हता. दुसरा ओरडतही नव्हता, नुसते हात पाण्यावर आपटत होता. मला वाटलं मस्ती चालली आहे. तेवढ्यात माझ्या बाजूने एक जीवरक्षक लाल रेस्क्यू ट्यूब काखेत मारून धावत गेला. तो सरळ मुलांच्या दिशेने गेला नाही, आधी किनाऱ्याने थोडं पुढे पळाला आणि मग पाण्यात शिरला. पाठोपाठ दुसरा गेला.

दोन्ही मुलं वाचली. एकाला उलट्या होत होत्या, दुसऱ्याचे दात वाजत होते. दोघांनाही रुग्णवाहिकेतून नेलं. सगळं मिळून चार-पाच मिनिटांत झालं असेल.

तीस वर्षं मी या किनाऱ्याजवळ राहते. तो माणूस कोण, त्याला शिकवतं कोण, तो तिथे नसता तर कोणाला हाक मारायची, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. चौपाट्यांवरच्या जीवरक्षकांची जबाबदारी मुंबई अग्निशमन दलाकडे असते हेही त्या दिवशीच कळलं. आता मे संपत आलाय, पाऊस तोंडावर आहे. २०२३ च्या १२ जूनला इथेच, जुहू कोळीवाड्याच्या बाजूला, पाण्यात उतरलेल्या मुलांपैकी चौघं परत आली नाहीत. बिपरजॉय वादळ तेव्हा इथून कितीतरी लांब होतं आणि कच्छच्या दिशेने चाललं होतं, पण लाटा इथे येत होत्या.

या कामातली माणसं इथे असतील तर कृपया लिहा. आगीसाठी शहरात बंब सज्ज असतो, तसं पाण्यासाठी काय असतं आणि काय असायला हवं?

गिरगावकर_जुना

चांगला धागा. आमच्याकडे लोकांना हे पथक वर्षातून एकदाच दिसतं, अनंत चतुर्दशीला. तराफे, मोटरबोटी, वाळूत गाड्या रुतू नयेत म्हणून टाकलेल्या लोखंडी प्लेटा, आणि छातीएवढ्या पाण्यात रात्रभर उभे असलेले जीवरक्षक. २०१३ साली विसर्जनाला पाकटांनी, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेल्या माशांनी, कितीतरी भक्तांचे पाय फोडले होते, तेव्हा हीच माणसं एकेकाला खांद्यावर घेऊन बाहेर आणत होती. २०२५ ला लालबागचा राजा भरतीमुळे तासन् तास पाण्यात थांबला, ते तर सगळ्यांनीच पाहिलं. भरतीपुढे कोणाचं चालत नाही.

निवृत्त_बंबवाला

सकाळची_लाट ताई, मी एका किनारपट्टीवरच्या पालिकेच्या अग्निशमन दलात बत्तीस वर्षं होतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मी लागलो तेव्हा पाण्याच्या वर्दीला, म्हणजे कोणी बुडतंय असा निरोप आला की, आमच्याकडे तीन वस्तू होत्या: जाड दोर, ट्रकच्या टायरची ट्यूब आणि गळ. गळ म्हणजे लोखंडाचा चौफाटी आकडा, दोराला बांधून तळ चाळायचा. आता विचार करा, गळ जिवंत माणसासाठी नसतो. आम्ही जायचो ते बहुतेक वेळा प्रेत काढायलाच. माझी पहिली पाण्याची वर्दी एका दगडखाणीची होती. पावसाचं पाणी साठलेलं, शाळेतली दोन मुलं. आम्ही पोहोचलो तेव्हा काठावर दप्तरं नीट एकावर एक ठेवलेली होती. त्यांची आई मला म्हणाली, "दादा, जरा घाई करा ना." आम्ही घाईच करत होतो. पण वर्दी मिळून आम्हाला वीस मिनिटं झाली होती.

आग आणि पाणी यांतला फरक इथे आहे. आगीच्या वर्दीवर बंब मिनिटभरात केंद्राबाहेर पडतो, रहदारीतून वाट काढत दहा मिनिटांत पोहोचला तरी पुष्कळ काही वाचवता येतं. पाण्यात गेलेल्या माणसाच्या मेंदूला चार-पाच मिनिटं हवा मिळाली नाही की इजा सुरू होते. म्हणजे केंद्रात बसून पाण्याची वर्दी जिंकताच येत नाही. त्यासाठी माणूस आधीपासून वाळूवर हवा. ही साधी गोष्ट कळायला आमच्या खात्यांना फार वर्षं लागली.

नंतर रबरी बोट आली, तिला मागे बसवायचं इंजिन आलं. बोट मिळाली तेव्हा आम्ही सगळे खूश. पहिल्याच पावसाळ्यात कळलं की लाटा फुटतात त्या पट्ट्यात बोट आडवी झाली की उलटते. वरिष्ठांनी मग कोळीवाड्यातल्या एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, बोलावलं. त्यांनी लाटा मोजायला शिकवल्या. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, त्या गेल्या की थोडी उसंत मिळते, त्या उसंतीत बोटीचं नाक लाटांसमोर ठेवून तिला बाहेर काढायचं. कुठल्याही पुस्तकातून मला हे इतकं नीट कळलं नसतं.

जगभर बचावाचा एकच क्रम शिकवतात. आधी हात किंवा काठी पुढे करा, नाहीतर दोर फेका, मग होडी, आणि पाण्यात उडी अगदी शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. जानेवारी २०१६ ला वांद्र्याच्या बॅंडस्टॅंडला सेल्फी घेताना मुली पाण्यात पडल्या, तेव्हा वाचवायला उडी घेतलेला माणूसही गेला. त्याचं धैर्य मोठंच होतं. त्याच्या हाताशी वीस मीटर दोर असता तर तो आज असता, असं मला राहून राहून वाटतं.

आर्या_डोंबिवली

काका, एक विचारू? तो जीवरक्षक सरळ न जाता बाजूने का गेला असेल?

वेसाव्याची_पोर

आर्या, मी सांगते. माझा बापूस तांडेल, आजाही तांडेल, मी स्वतः शिक्षिका आहे.

लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन दांड्यांमध्ये खोलगट जागा मिळाली की तिथून ते पन्हळीतल्यासारखं जोरात बाहेर पडतं. आम्ही तिला ओढ म्हणतो, शिकलेली माणसं रिप करंट. गंमत अशी की तिथे लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसतं, म्हणून नवखा माणूस बरोबर तिथेच उतरतो. ओढीविरुद्ध पोहून भलेभले दमतात. ओढ रुंदीला थोडी असते, म्हणून किनाऱ्याला समांतर पोहून तिच्या बाहेर पडायचं आणि मग फुटणाऱ्या लाटांबरोबर आत यायचं. तेही जमत नसेल तर उताणं होऊन तरंगायचं, हात वर करायचा. वाचवणारा बहुधा ओढ कुठून वाहतेय हे हेरून तिच्याच साथीने लवकर पोहोचायला बाजूने गेला असेल. अक्सा चौपाटीला ही ओढ फार फसवी आहे, वाळू पायाखालून सरकते, काल जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे आज खड्डा असतो.

दुसरी गोष्ट, भरतीची वेळ. घरातलं कॅलेंडर काढा. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, मुंबईच्या भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थी असेल तर बारा भागिले चार, म्हणजे तीन वाजता. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, तेव्हा उधाणाचं पाणी. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाचं पाणी, चढउतार कमी. शाळेत मी सहावीच्या मुलांना गुणाकार-भागाकार याच हिशेबाने शिकवते.

आता माझ्या मनातलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. म्हणजे वर्षातले जे दोन महिने दर्या सगळ्यात खवळलेला आणि मुंबईची पोरं कॉलेजला दांडी मारून लाटा बघायला आलेली, नेमके तेच दोन महिने पाण्यावर आमची जवळजवळ एकही होडी नसते. एरवी वेसाव्यापासून गोराईपर्यंत बुडणाऱ्याला पहिला हात बहुतेकदा कोळ्याचाच असतो. त्या साठ दिवसांत आमचे तरुण घरी बसून जाळी दुरुस्त करतात. त्यांना तेवढ्या काळासाठी अग्निशमन दलाने रीतसर शिकवून, विमा उतरवून, पगार देऊन किनाऱ्यावर का उभं करू नये? पाणी त्यांना ठाऊक आहे. प्रथमोपचार, वायरलेस, शिस्त हे दलाने शिकवावं.

निनाद_ठाणे

मुद्दे पटतात, पण एक शंका मनापासून विचारतो. लाल बावटा लावलेला असतो, शिट्या वाजवतात, पोलिस हाकलतात, तरी लोक जातात. पालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी छापते, ती कोणी वाचत नाही. मग अशांसाठी करदात्यांनी आणखी खर्च का करायचा? तोच पैसा दवाखान्यांना द्या.

सकाळची_लाट

निनाद, बिडी ओढून गादी पेटवणाऱ्याकडेही बंब जातोच ना. आणि बुडणाऱ्यांत कोण असतं ते पाहा. बहुतेक मुलं. त्यांच्या वस्तीत मैदान नाही, पोहण्याचा तलाव नाही. रविवारी फुकट जाता येईल अशी मुंबईत एकच मोकळी जागा आहे, ती म्हणजे समुद्र. त्यांना त्या पाण्याविषयी आपण कधी काही शिकवलं का?

शीवची_डॉक्टर

मी अतिदक्षता विभागात काम करते. थोडं वैद्यकीय लिहिते, कारण किनाऱ्यावर अजूनही दोन चुका सर्रास होतात.

बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबू नका, त्याला उलटं टांगू नका. पोटातलं पाणी काढण्यात वेळ जातो, शिवाय ते घशातून पुन्हा फुप्फुसात जातं. हाकेला प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर आधी तोंडाने श्वास द्या. हृदयविकाराने कोसळलेल्याची गोष्ट वेगळी, त्याच्या रक्तात अजून प्राणवायू असतो. बुडालेल्याचा प्राणवायूच संपलेला असतो, म्हणून नुसती छाती दाबून भागत नाही. सुरुवातीचे श्वास दिल्यावर तीस वेळा छाती दाबणं, दोन श्वास, पुन्हा तीस, असं चालू ठेवा. दाब मिनिटाला शंभर ते एकशेवीस, मोठ्या माणसात पाच-सहा सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबू नका.

दुसरी चूक, "आता बरा आहे, घरी नेतो." खोकला चालू असेल, धाप लागत असेल, गुंगी असेल, तर रुग्णालयात काही तास देखरेख लागतेच. एका मुलाला मी संध्याकाळी पाहिलं होतं. दुपारी तो चालत घरी गेला होता. आमच्याकडे आला तेव्हा त्याचे ओठ निळे होते. वाचला, पण आठ दिवस व्हेंटिलेटरवर काढून.

जीवरक्षकाकडे प्राणवायूचा सिलेंडर, मुखवटा आणि श्वास द्यायची पिशवी असलीच पाहिजे. जेट स्कीपेक्षा मी आधी त्यावर खर्च करीन.

कॉर्नवॉलहून_मेधा

पंधरा वर्षं इंग्लंडच्या किनाऱ्यावर राहते. इथे समुद्रातल्या बचावाचं काम आरएनएलआय ही संस्था करते, १८२४ पासून, मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर. बोटींवरचे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत: सुतार, शिक्षिका, मासेमार. पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावतात. २००१ पासून चौपाट्यांवर त्यांचे पगारी जीवरक्षकही असतात. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मध्येच पोहायचं, हे इथलं पाच वर्षांचं मूल सांगतं.

आमच्या जवळच्या माउजहोल गावातल्या आठ स्वयंसेवकांची बोट १९ डिसेंबर १९८१ च्या वादळात एका जहाजावरच्या लोकांना वाचवायला गेली आणि आठही जण बुडाले. दुसऱ्याच दिवशी त्या छोट्या गावातून नव्या बोटीसाठी पुरेशी नावं आली. वेसाव्याच्या ताईंचं वाचताना मला तेच गाव आठवत होतं. आपल्या कोळीवाड्यांत हे आधीपासून आहे, फक्त कागदावर नाही.

माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिच्या गावात आगीचं दलच स्वयंसेवकांचं आहे. उन्हाळा संपला की किनाऱ्यावरचे जीवरक्षक जातात, पण पाणी उबदार असतं आणि लोक येतच राहतात. म्हणून त्या भागातल्या दलांनी स्वतःची जलबचाव पथकं बांधली. बंबावरच दोर, पोहण्याचे सूट आणि बचावफळ्या असतात.

निवृत्त_बंबवाला

मेधाताई, १४ एप्रिल आठवला. १९४४ साली याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या दारूगोळा भरलेल्या बोटीचा आग लागून स्फोट झाला, तेव्हा मुंबईच्या दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी त्या दिवशी देशभरातली अग्निशमन दलं मानवंदना देतात. ती माणसं एका जहाजावरची आग विझवायला गेली होती. मुंबईचं दल पाण्याच्या काठावर पहिल्यापासून उभं आहे. म्हणून जलबचाव हे दलाचं जोडकाम नाही, मूळ काम आहे, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणत आलो.

लाल_ट्यूब

इथे पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी जीवरक्षक आहे. कुठल्या चौपाटीवर आणि कोणाच्या कंत्राटात ते लिहीत नाही.

ताई, तुम्ही म्हणालात तो मुलगा ओरडत नव्हता. बुडणारा ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो. तो पाण्यात उभा असतो, तोंड वर केलेलं, हात बाजूला पाण्यावर दाबत असतो, शिडी चढल्यासारखं दिसतं. असं अर्धा-एक मिनिट, मग खाली. म्हणून आम्ही आवाजावर जात नाही, माना बघतो. चेहरा किनाऱ्याकडे आणि मान मागे गेलेली दिसली की ट्यूब उचलायची.

दिवसाचं काम म्हणजे नव्वद टक्के शिटी. लोक शिव्या देतात. एका गृहस्थांनी मला विचारलं, "समुद्र काय तुझ्या बापाचा आहे का?" त्यांच्याच मुलीला अर्ध्या तासाने मी बाहेर आणलं. ते काही बोलले नाहीत, शर्ट काढून माझ्या खांद्यावर टाकला.

आमचं दुखणं एकच. पगार उशिरा होतो, ते चालवून घेतो. पण कंत्राट संपतं आणि नवीन येतं तेव्हा जुनी मुलं जातात. माझ्याबरोबरचा एकजण, ज्याला त्या किनाऱ्यावरचा प्रत्येक खड्डा माहीत होता, आता मॉलमध्ये रखवालदार आहे. त्याच्या जागी आलेला पोहायला माझ्यापेक्षा चांगला आहे, पण त्याला तो किनारा कळायला दोन पावसाळे लागतील. त्या दोन पावसाळ्यांत जे बुडतील त्यांचं काय?

अंधार पडला की आम्ही मनोऱ्यावरून उतरून घरी जातो, हे पण लोकांनी लक्षात ठेवावं. मनोऱ्यावर कोणी नसलं तर पाण्यात जाऊ नका. हात जोडून सांगतो.

गिरगावकर_जुना

लाल_ट्यूब, तुमचा प्रत्येक शब्द वाचला. नमस्कार घ्या.

मिठीकाठचा

सगळे चौपाटीबद्दल लिहिताय. मी कुर्ल्याचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या रात्री आमच्या चाळीत पाणी पहिल्या मजल्याला लागलं होतं. बोट आली नाही, येऊच शकत नव्हती, गल्लीत गाड्या तरंगत होत्या. थर्माकोलच्या पेट्या आणि साड्यांचे दोर करून आम्ही म्हाताऱ्यांना पलीकडच्या गच्चीवर नेलं. जलबचाव म्हणजे नाले, खाडी, तलाव, उघडी गटारंसुद्धा. वाहत्या गढूळ पाण्यातली पद्धत समुद्रापेक्षा वेगळी असते. पावसाळ्यात एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, तुकड्या मुंबईत येऊन राहतात, त्याचा आधार वाटतो. पण प्रत्येक अग्निशमन केंद्रात चार माणसं तरी वाहत्या पाण्याचं शिकलेली असावीत.

निनाद_ठाणे

माझी शंका मी मागे घेतो. डिसेंबर २०२४ ची गेटवेची दुर्घटना आठवली. नीलकमल लाँचला नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ जण गेले. ते लोक कुठलाही नियम मोडत नव्हते, एलिफंटाला निघाले होते. लाईफ जॅकेटची सक्ती कडक झाली ती त्यानंतर. जवळच्या बोटी धावल्या नसत्या तर आकडा किती वाढला असता कोण जाणे.

पालिका रिमोटवर चालणारे लाईफबॉयही (बुडणाऱ्याने धरायचं तरंगतं साधन) आणतेय असं वाचलं होतं. ते किती उपयोगी?

निवृत्त_बंबवाला

शुद्धीवर असलेल्याला धरायला चांगलं साधन, माणसापेक्षा लवकर पोहोचतं. पण बेशुद्धाला ते पकडत नाही. आणि चालवणाऱ्याने रोज हात बसवला नाही तर ऐन वेळी चार्जिंग उतरलेलं असतं. यंत्र घ्या, त्याबरोबर सरावाचे तासही घ्या.

वेसाव्याची_पोर

मी आज बापसाला हा पूर्ण धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, कोणी बोलावलं तर आमच्यातले आठ-दहा जण कधीही येतील, पैशाचं नंतर बघू. मी त्याला म्हटलं, पैशाचं आधीच बघायचं. बचावाचं काम उपकार म्हणून करून घेतलं की ते टिकत नाही.

सकाळची_लाट

मी एवढी उत्तरं येतील असं धरलं नव्हतं. वॉर्ड ऑफिससाठी अर्ज लिहायला घेतलाय. त्यात तीन गोष्टी ठेवते. अनुभवी जीवरक्षक कंत्राट बदललं तरी त्याच किनाऱ्यावर राहावेत. जून-जुलैसाठी कोळीवाड्यातल्या तरुणांना दलाने शिकवून पगारी घ्यावं. आणि खडकाळ जागी, बॅंडस्टॅंड, वरळी, जिथे जिथे लोक लाटा बघायला बसतात, तिथे दर थोड्या अंतरावर खांबाला लाईफबॉय आणि दोर असावा. कच्चा मसुदा उद्या इथे टाकते, लाल_ट्यूब आणि काका, तुम्ही तपासून द्या. तोवर हे नंबर फोनमध्ये ठेवा: अग्निशमन १०१, पालिकेचा आपत्ती कक्ष १९१६, समुद्रात लांब असेल तर तटरक्षक दल १५५४.

आणि काका, दोर फेकायला शिकवाल का? आमच्या इमारतीतली सात-आठ मुलं तयार आहेत. पाण्यात कोणी उतरणार नाही, वाळूवरच सराव. येत्या रविवारी दशमी आहे. तीसाला चाराने भागलं, भरती साडेसातला येतेय. पाणी भांगाचं. साडेआठपर्यंत वाळू मोकळी होईल ना, वेसाव्याच्या ताई?

वेसाव्याची_पोर

नऊला या. साडेआठला अजून ओली असेल.

निवृत्त_बंबवाला

येतो. वीस मीटरचा दोर आणतो. मुलांना सांगा, बूट नकोत.